कोपरांचे खळगे

वकीलबाईंनी कोट काउंटरवर पसरला, बाहीवरच्या एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, मी रफू करायला दिला होता. हे ठिगळ आहे."

ठिगळ हा शब्द त्या दुकानात कुणी उच्चारत नसे. दुकान होतं कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचं. पण खिडकीपाशी रफूकाकांचं टेबल होतं आणि बरेच लोक त्या टेबलासाठीच येत. टेबल जुनं, सागवानी. त्याच्या अलीकडच्या कडेला दोन उथळ खळगे पडले होते, वर्षानुवर्षं कोपरं टेकून. हात फिरवला तर ते काचेसारखे गुळगुळीत लागत. या टेबलावरून गेलेल्या कपड्याचं भोक नेमकं कुठे होतं, हे मालकालाही शोधून सापडत नसे. रफूकाका अबोल माणूस, त्यामुळे ते स्वतः असं कधी म्हणाले नसते. लोकच म्हणत.

वकीलबाई रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. रफूकाकांनी कोट खिडकीशी नेला, नाकापाशी धरला. वीण बिनचूक होती. उभा धागा उभ्याला मिळालेला, आडवा आडव्याला. राखाडीवर राखाडी.

"मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य म्हणजे रफूगाराने स्वतःचीच पाठ थोपटून घेणं झालं असतं.

काउंटरमागून त्यांची भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी, दुकानाचं काउंटर तीच सांभाळायची. तिने कोट दारात, उजेडात नेला आणि मान तिरकी केली.

"मामा, जांभळट दिसतंय."

"जांभळट?"

"पांढऱ्या शर्टावर शाई सांडून धुतल्यावर राहते ना, तसं."

रफूकाकांची पद्धत अशी, की धागा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. म्हणजे रंगाचा प्रश्नच येत नाही. पण या कोटाच्या आत कुणीतरी आधीच हात घालून ठेवला होता, जादा कापड उरलंच नव्हतं. म्हणून त्यांनी रिळांच्या डब्यातून राखाडी शोधला होता. चांगला अर्धा दिवस घालवून शोधला होता.

"घाई नाही," वकीलबाई म्हणाल्या. "थंडीला अजून अवकाश आहे. उसवून पुन्हा करा." आणि निघून गेल्या.

दुकानात कुणी नाहीसं पाहून भाचीने रिळांचा डबा टेबलावर उपडा केला. "राखाडी वेगळे काढा बरं."

रफूकाकांना खेळ आवडला. त्यांनी एकेक रीळ डोळ्याशी नेऊन ओळ लावली. भाची आधी हसली, मग हसायची थांबली. त्या ओळीत एक फिकट निळा होता, एक जांभळट होता आणि एक चक्क पोपटाच्या पिसासारखा होता, थोडा विटलेला.

"सगळे राखाडीच आहेत?" तिने विचारलं.

"उन्नीस-बीस. का?"

तिने ओळीतल्या त्या तिघांचे खरे रंग सांगितले. रफूकाका ऐकत राहिले. घाबरले, हे खरंच, पण त्याच वेळी त्यांना मोठं नवल वाटत होतं. आपल्याला कमी दिसतं हे ते धरून चाललेच होते. पण आपल्याला चुकीचं दिसतं, आणि चुकीचं दिसतंय हे मात्र दिसत नाही, ही काय भानगड? वीण चुकली तर उसवता येते. डोळाच खोटी साक्ष देत असेल तर माणसाने दाद मागायची कुणाकडे? आणि दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं. हे टेबल सुटलं तर उरलं बहिणीच्या घरातलं गॅलरीतलं स्टूल आणि तीनतीनदा वाचून झालेली पुस्तकं.

"मोतीबिंदू असणार," भाची म्हणाली. "डॉक्टरांना दाखवून यायचं."

"वयाने होतं थोडंफार."

"म्हणून तर दाखवायचं."

"तू दाखवलंस का?"

भाचीने गळ्यातला स्कार्फ हनुवटीपर्यंत ओढला. उन्हाळा असो, घाम गळो, तो स्कार्फ तिथून हलत नसे. तिची पाळी तीनतीन, चारचार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन मनाला येईल तसं वाढतं, हे रफूकाकांना माहीत होतं. तिने सांगितलं म्हणून नव्हे. घर लहान होतं आणि बहिणीचा आवाज मोठा. बहिणीचा इलाजही ठरलेला होता, "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." त्यासाठी स्थळं बघणं जोरात चाललं होतं.

"आईबरोबर गेले होते एकदा," भाची म्हणाली. "डॉक्टर मला विचारत होत्या आणि उत्तरं आई देत होती. पुन्हा नाही गेले."

"मग माझ्याबरोबर चल."

बोलून गेल्यावर रफूकाकांनाच प्रश्न पडला. बायकांच्या दवाखान्यात आपण काय करणार? पण भाचीने शब्द वरच्या वर झेलला. "ठरलं. तुम्ही माझ्याबरोबर, मी तुमच्याबरोबर. आणि आत गेल्यावर प्रश्न तुम्ही विचारायचे. मला तिथे काही सुचत नाही."

"मला तरी कुठे सुचतं?"

"स्वतःबद्दल नाही सुचत. दुसऱ्याबद्दल तुम्ही खोदून खोदून विचारता. इस्त्रीवाल्याला त्याच्या गुडघ्याबद्दल किती पिडलंत आठवा."

बायकांच्या दवाखान्यात रफूकाका भिंतीवरचा बाळांच्या लसींचा तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसले, म्हणजे कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको. पहिल्या खेपेला रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांदा गेले तेव्हा भाचीने त्यांना बाही धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. "पीसीओएस आहे, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी. थायरॉइड ठीक आहे, तेही बघून घेतलं. अंडाशयात या बारीक बारीक गाठी दिसताहेत, त्यावरून याचं नाव पडलंय. खरं म्हणजे त्या गाठी नाहीतच."

"मग काय आहेत?" रफूकाकांच्या तोंडून गेलंच.

"बीजाच्या लहान पिशव्या. दर महिन्याला एखादी मोठी होऊन फुटायला हवी. या अर्ध्यावर थांबतात."

"म्हणजे नावच चुकीचं?"

"जुनं नाव आहे, चिकटलंय." त्यांना प्रश्न आवडलेला दिसला.

"मग त्या काढून टाकायच्या?"

"काढण्यासारखं तिथे काही नाही. हा सगळा हार्मोन्सचा मामला आहे. आणि हे मुळापासून जाईल असं औषधही नाही. आटोक्यात मात्र छान राहतं."

"काढायचं नाही, जाणारही नाही," रफूकाका म्हणाले, "तर उपचार करता तो कशावर?"

"हिला ज्याचा त्रास होतो त्यावर." डॉक्टरीणबाई भाचीकडे वळल्या. "चालणं, खाणं, झोप हे तर आहेच, आणि वजन थोडं जरी उतरलं तरी फरक पडतो. पाळी वेळेवर यायला हवी असेल तर गोळ्या आहेत. त्यांनीच केसही कमी होतात, पण हळूहळू, बरेच महिने लागतात. तोवर लेझर करता येतं. त्या गोळ्या द्यायच्या आधी तुझं ब्लडप्रेशर बघेन, डोकेदुखीचं विचारेन, कारण त्या सगळ्यांनाच चालत नाहीत. साखरेचं तंत्र बिघडलं असेल तर वेगळी गोळी. आणि मूल हवं असेल तर पाळीच्या गोळ्या बंद करून बीज वाढवणारी गोळी द्यायची. वाटा वेगळ्या आहेत. म्हणून आधी तू सांग, तुला काय हवंय?"

भाचीने स्कार्फशी चाळा केला. "घरी लग्नाचं बघताहेत. पुढे मूल होईल ना, तेवढं बघा."

"बहुतेकींना होतं. कधी थोडी मदत लागते. लग्न ठरलंय?"

"नाही."

"मुलगा पसंत आहे कुणी?"

"नाही."

"मग मूल कधी हवंय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "लग्नाने हे बरं होत नाही, एवढं घरी सांग. आणि महिनोन् महिने पाळी न येणं तसंच सोडायचं नाही, आतलं अस्तर जाड होत जातं आणि त्यातून पुढे दुखणी उद्भवतात. एवढं मी ठरवते. बाकीचं तू ठरव आणि ये."

बाहेर फुटपाथवर आल्यावर भाची म्हणाली, "आपण त्यांना विचारायला गेलो, तर त्याच आपल्याला विचारत बसल्या."

"निदान तुझ्या आईला नाही विचारलं," रफूकाका म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही तीच गत झाली. डॉक्टर तरुण होते आणि भरभर बोलायचे. त्यांनी यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावली, दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकला. मोतीबिंदू पिकत आला होता आणि रंगाने चांगला तपकिरी झाला होता.

"थेंबांनी जाईल का?" या वेळी प्रश्न भाचीचा होता.

"नाही. डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. थेंबांनी ते नितळ होत नाही. सुरुवातीला चष्म्याचा नंबर बदलून भागतं, यांची ती वेळ गेली. ऑपरेशन करून हे भिंग काढायचं, नवं बसवायचं. त्याच दिवशी घरी. एक डोळा आधी, दुसरा काही आठवड्यांनी." मग ते रफूकाकांकडे वळले. "पण भिंग कुठलं बसवू? दूरचं की जवळचं?"

"दोन्ही दिसेल असं नाही मिळत?"

"मिळतं. पण दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि छटांमधला बारीक फरक जरा फिका पडतो. तुमचं काम ऐकलं, तुम्हाला मी ते देणार नाही. दूरचं घेतलं तर रस्ता स्वच्छ, कामाला चष्मा. जवळचं घेतलं तर काम उघड्या डोळ्यांनी, रस्त्याला चष्मा. एकदा बसवलं की ते जन्माचं, म्हणून विचारतोय."

"जवळचं," रफूकाका म्हणाले. इतक्या झटकन आपण काही बोललो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"जवळचं म्हणजे किती? पुस्तक वाचण्याचं अंतर एक, तुमच्या सुईचं वेगळं. काम करताना डोळ्यापासून कापडापर्यंत मोजून आणा. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, तशी हमी मी देत नाही. पण माप नीट आणा."

घरी बहिणीने ऐकल्या ऐकल्या निकाल दिला. "दूरचं घे, दादा. जगभरची माणसं दूरचं घेतात. उद्या रस्त्यात गाडी दिसली नाही तर काय सुई दाखवून थांबवणार आहेस?"

"रस्त्यावर चष्मा लावीन."

"आणि विसरलास तर?"

"तू आहेस ना ओरडायला."

भाची भांडी पुसता पुसता हसली. बहिणीने मोर्चा तिकडे वळवला. "आणि तुझं काय ठरलं? डॉक्टर काय म्हणाल्या?"

"लग्नाने बरं होत नाही म्हणाल्या."

"त्यांना काय कळतंय," बहीण म्हणाली. पण आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात माप घेणं झालं. रफूकाका एका मफलरीचं भोक विणत बसले आणि भाचीने त्यांच्या भुवईशी टेप लावला.

"हलू नका."

"हलत नाहीये, श्वास घेतोय."

"तो जरा कमी घ्या." टेप कापडाला टेकला. "वीतभर. वीतसुद्धा पुरती नाही." तिने आकडा तळहातावर लिहिला. डॉक्टरांना कळवायला जायचं होतं ते परवा.

मधल्या दिवशी सकाळी रफूकाका एकटेच लवकर आले. टेबल पुसणं हे त्यांचं रोजचं पहिलं काम. फडकं खळग्यांतून फिरवताना ते थबकले. मग खुर्चीत बसले, मफलर घेतली, काल मोजताना बसले होते तसे वाकले आणि आपली कोपरं कुठे आहेत ते पाहिलं.

कोपरं खळग्यांत नव्हतीच. ती खूप पुढे होती, टेबलाच्या मध्यावर, जिथे लाकडाचं पॉलिश अजून शाबूत होतं.

हे असं कधीपासून? त्यांनी मुद्दाम कोपरं मागे घेऊन खळग्यांत ठेवली. ती अशी बसली, जशी जुन्या चपलेत पावलं. पाठ सरळ झाली, मान वर आली. खिडकीतला उजेड एरवी त्यांच्याच डोक्याच्या सावलीने अडायचा, तो मफलरीवर मोकळा पडला. पण मफलर धुक्यात गेली. वीण दिसेनाशी झाली.

ते कितीतरी वेळ पुढे-मागे होत राहिले. पुढे गेलं की दिसायचं, मागे आलं की दिसायचं नाही. खळगे काही एका वर्षात पडले नव्हते. सगळं आयुष्य ते तिथे टेकून बसले होते, आणि नजर मळत गेली तसे नकळत बोटबोट पुढे सरकत गेले होते. आपण चुकतो आहोत की काय, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. कुठल्याही गोष्टीत त्यांना आधी तेच वाटायचं. पण लाकडात खळगे पडले होते ते पडलेच होते.

भाची आली तेव्हा ते म्हणाले, "टेप आण. पुन्हा मोज. मी इथे बसतो."

"पण तिथून तुम्हाला दिसत नाहीये."

"म्हणूनच."

तिने खळग्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या कोपरांकडे. टेप लावला. दीड वीत. तळहातावरचा कालचा आकडा अजून पुसट दिसत होता.

"म्हणजे काल आपण मोतीबिंदूचं माप घेतलं," ती सावकाश म्हणाली. "तुमचं नाही."

"तसंच काहीसं. ते भिंग बसलं असतं, तर मी जन्मभर असाच नाक घासत बसलो असतो."

भाची स्टूल ओढून बसली. टेप बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, असं तिचं बराच वेळ चाललं. मग म्हणाली, "मामा, मीपण त्या दिवशी चुकीच्या जागेवरून उत्तर दिलं. मूल, लग्न. त्या विचारत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात आईच बोलत होती."

"मग तुला काय हवंय?"

"हसाल."

"मी कधी हसलोय?"

"मला स्कार्फ काढून काउंटरला बसायचंय. उन्हाळ्यात. आणि ती येणार की नाही, येणार की नाही, असं महिनोन् महिने पोटात घेऊन फिरायचं नाहीये. मुलाचं बघेन, हवं झालं तर तेव्हा जाईन. आत्ता एवढंच."

रफूकाका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे त्यांना सांगायला मी येऊ?"

"दारापर्यंत या. आत मी बोलेन."

त्या आठवड्यात दोन्ही दवाखान्यांत दोन्ही उत्तरं पोचली. डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर पाहिलं, आणखी काही विचारलं, गोळ्या लिहून दिल्या आणि धीर धरायला सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी टेबलाची हकीकत ऐकली, खुर्ची मागे लोटली आणि म्हणाले, "दीड वीत. हे जास्त पटतं."

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. वेळ इतका थोडा लागला, की रफूकाकांची भीती नीट सुरूही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि त्यांच्या हाती एक खेळच लागला. डावा डोळा मिटायचा, बघायचं. उजवा मिटायचा, बघायचं. डाव्या डोळ्यातलं जग चहात बुडवून काढल्यासारखं, उजव्यातलं नुकतं धुतलेलं. न्हाणीघरातलं बेसिन पिवळं पडलंय म्हणून गेलं वर्षभर ते कुरकुरत होते. उजव्या डोळ्याने पाहिलं तर ते पांढरंशुभ्र.

"मी रोज घासते म्हणून सांगत होते ना?" बहिणीने राखून ठेवलेला हिशेब चुकता केला. मात्र ती गॅलरीच्या टोकाला उभी राहिली की नुसता आकार दिसायचा. त्यावरही तिचं बोलणं तयार होतं, "म्हटलं होतं, दूरचं घे."

थेंब घालायचं काम भाचीकडे होतं. पहिल्याच दिवशी ती बाटली घेऊन दाराशी थांबली. "इथून दिसते का मी?"

"धूसर."

"इथून?"

"थोडी बरी."

मग ती वाकली. चेहरा दीड वितीवर आला. हातातली बाटली तिथेच राहिली. "आता दिसतं ना सगळं?"

"दिसतं."

"हनुवटीसुद्धा?"

"हनुवटीसुद्धा." असल्या वेळी नेमकं काय बोलायचं ते त्यांना कधीच सुचलं नव्हतं. "आणि तुझा तो एक दात पुढे आहे, लहानपणी पडली होतीस तेव्हापासूनचा. तोही दिसतो. मी विसरूनच गेलो होतो."

"डोळे वर," भाची म्हणाली आणि थेंब सोडला. एक डोळ्यात पडला, एक गालावर.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी दुकानात दोघंच होती. रफूकाका टेबलाशी बसले. भाचीने वकीलबाईंचा कोट त्यांच्यापुढे ठेवला. ठेवता ठेवता, दुसरीकडे बघत, एकच शब्द बोलली, "आली."

कोण आली, हे त्यांना लगेच उमगलं नाही. उमगल्यावर त्यांचे कान लाल झाले. "वेळेवर?"

"वेळेवर."

"बरं," ते म्हणाले. दोघांचंही त्यात समाधान होतं.

मग त्यांनी कोट उचलला, रफूची जागा डोळ्याशी नेली. काही दिसत नव्हतं. वीण नाही, धागा नाही, नुसता राखाडी लगदा. त्यांनी कोट आणखी जवळ आणला. आणखी वाईट. डॉक्टरांनी हमी दिली नव्हतीच. म्हणजे माप चुकलं. आपलंच चुकलं, एका जुन्या टेबलाच्या नादी लागून. बहिणीला काय सांगायचं? ते गॅलरीतलं स्टूल त्यांना लख्ख दिसलं.

"मामा," काउंटरमागून भाची म्हणाली, "नाकाशी कशाला धरलाय?"

रफूकाकांनी स्वतःकडे पाहिलं. कोपरं टेबलाच्या मध्यावर होती.

त्यांनी ती मागे घेतली. खळगे कुठे आहेत ते बघावं लागलं नाही, कोपरं आपली आपण जाऊन बसली. कोटाची बाही हातांबरोबर मागे आली, उजेडात आली, आणि एकेक धागा दुसऱ्यापासून सुटा होत गेला. उभा, आडवा, उभा, आडवा. डावा डोळा मिटायचीही गरज पडली नाही. आणि त्या सगळ्या राखाडीच्या मधोमध, नखाएवढ्या जागेत, शाई धुतल्यावर राहतो तसा एक डाग होता.

"जांभळट आहे," ते म्हणाले. एखादी लपवून ठेवलेली वस्तू सापडावी तसा त्यांचा आवाज झाला.

"कधीपासून सांगतेय."

"चांगलाच जांभळट आहे गं. वकीलबाई फार सभ्य, नुसतं ठिगळच म्हणाल्या."

त्यांनी सुईचं टोक पहिल्या धाग्याखाली घातलं आणि उसवायला घेतलं.